बेबीचे डबे

लोकमान्य नगर, इंदूर
९ नोव्हेंबर २०२४

बेबी,

आशीर्वाद वगैरे लिहिणार होते, पण हात थांबला. तुला माझे आशीर्वाद नको असतात, तुला डबे हवे असतात. तर घे. तुझ्या शेजारच्या संताजीच्या हाती एक पाठवतेय. ऑफिसातून सुटला की पलासियाहून थेट महूची बस धरणारा माणूस, त्याला मुद्दाम इकडे वाकडी वाट करायला लावली. श्रीखंडाचा तो मोठा पांढरा डबा, ज्याच्या झाकणावर तू नेलपॉलिशने ‘बे’ काढून ठेवलंयस. जसं काही इंदुरातले लोक तुझ्या डब्यांवर डाका घालायला टपून बसलेत!

आत मेथी आहे. निवडलेली नाही, उगवलेली. खाली माती आहे. आणि बुडाला भोकं आहेत, ती मी पाडलीत, स्वेटरची सुई गॅसवर लाल करून. आता त्यात तू दही लाव की श्रीखंड ठेव, सगळं खालून गळेल. तुझा डबा तुला मिळाला, माझं समाधान मला मिळालं.

म्हणशील, हिचं डोकं फिरलं. फिरलंच आहे. ह्यांच्या तेराव्याला, घरात पाहुणे, गुरुजी अजून पाटावरून उठलेले नाहीत, मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेली, आणि माझी सख्खी धाकटी बहीण सगळ्यांदेखत विचारते, “ताई, माझे डबे कुठे ठेवलेस गं? घरी एक उरला नाही.” डबे! माझा नवरा गेला आणि हिला डबे! मी जे बोलले ते बोलले, मागे घेणार नाही. आणि तू जे म्हणालीस, की भावोजींच्या आजारपणात रोज महूहून रांधून पाठवलं त्याचं हे फळ, तेही माझ्या चांगलं लक्षात आहे. दीड वर्ष झालं त्याला. माणसं रोज अप-डाउन करतात एवढ्या अंतरावर आपण दोघी, आणि तुझा एक फोन नाही. माझाही नाही, माहीत आहे, सांगू नकोस.

मग डबे इतके दिवस का अडकवून ठेवले? अगं, रिकामा डबा परत द्यायचा नाही, हे तुला नि मला एकाच आईने शिकवलं ना? निदान चिमूटभर साखर तरी घालायची. पण तुला साखर पाठवायची माझी इच्छा नव्हती. आणि रांधून काही घालावं, तर ह्यांच्यानंतर मी रांधते कुठे? एकटीपुरती खिचडी टाकते. तिचा का कोणी डबा देतं? डबे ओट्याखाली पडून होते, येता-जाता पायाला लागत होते. शेवटी वैतागून एकात माती भरली, मेथीचे दाणे टाकले आणि छतावर नेऊन ठेवला. तीन-चार दिवसांत हिरवं दिसायला लागलं. ह्या घरात बऱ्याच दिवसांनी काहीतरी उगवलं.

भाजी करून खा नाहीतर फेक. डबा मात्र पोचला, हे लक्षात ठेव.

प्रमोदिनी


१ डिसेंबर

बेबी,

संताजीला मी विचारलं नव्हतं, तोच आपणहून म्हणाला. (विचारलं होतं. जाऊ दे.) म्हणे, “काकू, घेतला त्यांनी. बोलल्या काही नाही. भोकं बघितली आणि हसल्या.”

हसलीस? मला वाटलं होतं तू चिडशील, डबा नालीत फेकशील. त्यात हसण्यासारखं काय होतं?

मग म्हणाला, “भाजी त्यांनी स्वतः केली. सुरभीवहिनींना हात लावू दिला नाही.” अगं, सून घरात आहे, तिला करू द्यावं. पण नाही, तू पहिल्यापासून अशीच. मेथी तर तुला लहानपणी पानात चालायची नाही, माझ्या ताटात सरकवायचीस.

दुसरा डबा पाठवतेय, कोथिंबीर आहे. धने हातावर चोळून दोन फाकी करून पेरले. पहिल्यांदा अख्खेच टाकले होते, ते रुसून बसले. आता मला बरंच कळायला लागलंय. श्रीखंडाच्या डब्यात मेथी-कोथिंबीर होते, त्यांची मुळं खोल जात नाहीत. टोमॅटोला मोठं काहीतरी लागतं. खालच्या मजल्यावर रंगकाम झालं, त्यांनी पेंटच्या दोन बाल्ट्या दिल्या. घासून घासून माझे हात सोलले, मग नर्सरीतली फुलावर आलेली रोपं त्यांत लावली. समोरच्या हलवायाने तेलाचे रिकामे जार दिले, ते आडवे कापून पालक टाकलाय. जार पारदर्शक असतो ना, ऊन थेट मुळांना लागतं. म्हणून ह्यांचे जुने पायजमे भोवती गुंडाळलेत. छतावर ओळीने पायजमे बसल्यासारखे दिसतात, हे असते तर मला सोडलं नसतं.

घरातला ओला कचरा, साल-देठ, सगळं वर मातीतच जातं. कचऱ्याच्या गाडीवाला भिया परवा म्हणाला, “क्या आंटी, खाना-पीना छोड़ दिया क्या? आपका तो गीला निकलता ही नहीं.” मी म्हटलं, बाबा रे, उलट आत्ता कुठे खायला लागलेय.

ताई


१९ जानेवारी २०२५

चि. बेबी,

आशीर्वाद. बघ, लिहिले एकदाचे.

ह्या खेपेला दोन डबे आहेत. आइस्क्रीमच्या लांबट डब्यात पालक, कोवळा आहे, सकाळीच कापला. आणि त्या निळ्या झाकणाच्या डब्यात टोमॅटो. पेंटच्या बाल्टीतले! अगं, काय लगडलेत म्हणून सांगू. काठ्या लावून बांधावे लागले. मी खुर्ची टाकून तिथेच बसते. एक पिकला की मला वाटतं, कोणाला तरी हाक मारावी. मग माझ्या लक्षात येतं, हाक मारायला कोणी नाही. म्हणून तुला लिहायला बसते.

संताजी सांगत होता तुझ्या पायांवर सूज आहे, चेहराही भरल्यासारखा दिसतो, भिंत धरून चालतेस. मी विचारलं, काय झालंय? तर म्हणे, “काही नाही काकू, वयाने होतं.” त्याचं तोंड मात्र पडलेलं होतं. बेबी, तुला रक्त कमी असणार. आपल्या आईला नव्हतं का तसं? पालक खा. रोज खा. नुसता वाफवून खा हवं तर. आणि टोमॅटोचं सार कर, चांगलं वाटीभर पी. मी पाठवत राहीन, तू फक्त खाऊन संपव. माझ्या छतावरचं सगळं तुझंच आहे, मला एकटीला किती लागतं?

एक सांगू? रागावू नकोस. तुझे डबे आता संपत आले. ओट्याखाली दोनच उरलेत. ते गेले की मी कशात पाठवू? तर तूच एखादा पाठव ना परत. फार काही नको. सेव घाल, चिवडा घाल, चिमूटभर साखर घाल. मला कळेल.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

बेबी,

हे पत्र मी संताजीकडे देणार नाही. तरी लिहितेय, कारण न लिहिलं तर माझं डोकं फुटेल.

आज मानस आला होता. तुझा मुलगा किती दिवसांनी ह्या घरात आला, मला इतका आनंद झाला की मी त्याला बस म्हणायच्या आधी वर नेलं, टोमॅटो दाखवायला. तो बघत उभा राहिला. मग म्हणाला, “मावशी, हे आईला पाठवणं बंद कर. हात जोडतो.”

मला वाटलं, तुझा निरोप आहे. मी भांडायच्या तयारीत होते. तर त्याने सगळं सांगितलं. तुझ्या किडन्या गेल्यात. वर्ष होऊन गेलं. आठवड्यातून दोनदा तू डायलिसिसला येतेस, आणि कुठे? इथे! पलासियाला! माझ्या घरापासून रिक्षाने जाता येईल इतक्या जवळ तू येऊन पडतेस आणि परत जातेस. आणि मला पत्ता नाही.

डॉक्टरने पालक, टोमॅटो, कोथिंबीर, असलं सगळं बंद केलंय म्हणे. त्यातलं पोटॅशियम रक्तात साठतं आणि हृदयावर येतं. मानस म्हणाला, जानेवारीत तुला धावतपळत भरती करावं लागलं, छाती धडधडत होती, जीभ जड झाली होती. केव्हा रे, मी विचारलं. त्याने तारीख सांगितली नाही. म्हणाला, “मावशी, तुझ्यामुळे असं कोणी म्हणत नाहीये.” म्हणजे घरात बोलणं झालंय.

अगं कार्टे, तुला माहीत होतं! मी मूर्ख, मी लिहिते आहे रोज पालक खा, सार पी, आणि तू ते वाचतेस नि खातेस! सुरभीला हात लावू देत नाहीस, तो काय सुनेचा हेवा होता? तिने फेकून दिलं असतं म्हणून. दार लावून घेऊन खायचीस असं मानस म्हणाला. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतीस तर एक ठेवून दिली असती. आणि मग मी मोरीत जाऊन रडले, कारण मानस बाहेर बसला होता.

त्याने शपथ घातलीय. “मी सांगितलं हे आईला कळता कामा नये, तिला अपमान वाटेल. तू नुसतं पाठवणं थांबव.” मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?


१७ फेब्रुवारी

चि. बेबी,

ऊन लागून छतावरचं सगळं जळालं. आता भाजी येणार नाही. तब्येतीला जप.

प्रमोदिनी


१० मार्च

बेबी,

तू हे करायला नको होतंस.

संताजी आला, पिशवी टेबलावर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघाला. आत आइस्क्रीमचा डबा होता. मी किती घाईने उघडला सांगू तुला? नखाने झाकण उचकटलं. आत काही नाही. घासून, पुसून, कोरडा करून पाठवलेला. साखरेचा एक दाणा नाही. मी बोट फिरवून पाहिलं.

आपल्यात असा डबा कोणी कोणाकडे पाठवत नाही, वैऱ्याकडेही नाही. तुला वाटलं मी पुन्हा रुसले, पुन्हा तोडलं. मग मी कसली शपथ पाळते? उठले आणि तुझ्या डायलिसिसच्या वेळेला पलासियाच्या हॉस्पिटलात थेट वर येऊन उभी राहिले.

तू डोळे मिटून पडली होतीस. नळ्यांतून तुझं रक्त फिरत होतं. केवढीशी झालीस गं तू. मी म्हटलं, “बेबी.” तू डोळे न उघडताच म्हणालीस, “काय आणलंस?”

“काही नाही.”

“मग कशाला आलीस?”

“तू मला रिकामा डबा पाठवलास!”

“काय घालू त्यात? ऊन लागून सगळं जळालं म्हणे. फेब्रुवारीत! कोणाला शिकवतेस, ताई?”

मग मी सांगून टाकलं की मानसने मला सगळं सांगितलंय. तू नुसतं “तरीच” म्हणालीस. मी इतकी ओरडले की नर्स आली. माहीत होतं ना तुला? मग खायचीस कशाला? आणि तू शांतपणे विचारलंस, “तुला सांगितलं असतं तर पाठवली असतीस?”

“नाही.”

“मग?”

तूच बोललीस पुढे. म्हणालीस, घरी सगळं उकळून पाणी फेकलेलं मिळतं, भाजी कसली, नुसता चोथा. पाणीसुद्धा सुरभी मोजून देते, तिचा दोष नाही, तिलाच काळजी. “आणि मग तुझी मेथी आली. भोकं पाडलेल्या डब्यात! मी मातीसकट वास घेतला. दीड वर्षाने तुझ्या हातचं काही घरात आलं, ते काय मी कामवालीला देऊ?”

मी तुझे पाय दाबत बसले. बोट रुतत होतं. तू म्हणालीस, “पुढच्या वेळी एक टोमॅटो आण. एवढासा. मीठ लावून खाऊ दोघी.”

“नाही आणणार.”

“एकाने काय होतंय?”

“नाही म्हटलं ना, बेबी.”

“मग तू येऊ नकोस. माझ्याकडे रिकाम्या हाताने यायचं नाही.” आणि तोंड भिंतीकडे केलंस. मी कितीतरी वेळ उभी होते. तू वळली नाहीस.

मी घरी येऊन थेट वर गेले. मला माहीत आहे मी कशी आहे. तू अजून एकदा मागितलं असतंस तर मी पदराआड लपवून आणला असता आणि तुला भरवला असता. तो धोका मला घ्यायचा नाही. म्हणून सगळं उपटलं. टोमॅटो, पालक, कोथिंबीर, नुकत्या फुटलेल्या मिरच्यासुद्धा. हिरवे टोमॅटोही ठेवले नाहीत. सकाळी गाडीवाला भिया म्हणाला, “आंटी, ये तो अच्छे-खासे टमाटर हैं, इनको गीले में क्यों डाल रही हो?” मी म्हटलं, ले जाओ भैया, बस ले जाओ.

आता आणायचं म्हटलं तरी माझ्याकडे काही नाही. तू रागव. रागवून का होईना, जग.

ताई


४ एप्रिल

बेबी,

मी येते. तू म्हणालीस येऊ नकोस, म्हणून वर येत नाही. खाली औषधांच्या दुकानासमोर बाकडं आहे, तिथे बसते. मानस येता-जाता हात करतो. मागच्या आठवड्यात तुला व्हीलचेअरवरून नेताना तू मला पाहिलंस, आणि मान वळवलीस. मी मनात म्हटलं, चला, मान वळवण्याइतकी ताकद आहे बाईत.

ह्या वेळी तुम्ही आलाच नाहीत. दुकानवाला मला ओळखायला लागलाय, तो म्हणाला, “आज आपके वाले पेशंट नहीं आए, माताजी.” मी तरी बसून राहिले.

आज सकाळी मानसचा फोन आला. “मावशी, आई पालक मागतेय. तुझ्या छतावरचाच हवा म्हणते. आणशील?”

मी म्हटलं, “अरे, पण पथ्य?”

“डॉक्टर म्हणाले आता पथ्य नको. जे मागतील ते खाऊ द्या.”

बेबी, मला आनंद झाला. तुझी शपथ, मला आधी आनंदच झाला. मी म्हटलं, सुटली बाई त्या चोथ्यातून. डबा घेतला, कात्री घेतली आणि जिना चढायला लागले. मनात ठरवत होते, पालक देठासकट कापायचा की पानं खुडायची. वर पोचले. जार, बाल्ट्या सगळ्या पालथ्या, माती वाळून दगड झालेली. तिथे उभी राहिले तेव्हा मला कळलं, पथ्य कशासाठी उठलं ते.

खाली येऊन मानसला परत फोन लावला. तो म्हणाला, डायलिसिस आता तुला झेपत नाही, मध्येच बीपी पडतं, म्हणून थांबवलंय. मी म्हटलं, माझ्याकडे काही उरलं नाही रे, मी सगळं उपटून टाकलं. तो म्हणाला, “बाजारातून आण मावशी, तिला आता काय कळतंय.” त्याला काय माहीत तुला काय कळतं ते.

मग मी त्याला विचारलं, “पालक यायला महिना लागतो रे. एक महिना थांबेल ना ती?”

फोन चालू होता, मागे सुरभी कोणालातरी हळू आवाजात काही सांगत होती, तेवढं ऐकू येत होतं. मी पुन्हा विचारलं नाही.

कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून एक जुडी आणली आहे, टोमॅटो आणलाय, मीठ पुडीत बांधलंय. आता महूला निघते. तुला सांगेन छतावरचं आहे. तू ओळखशील, आणि ओळखलंस की ओरड माझ्यावर, सगळ्यांदेखत ओरड, मी एक शब्द उलट बोलणार नाही.

पालकाचं बी पाण्यात भिजत घातलंय. उद्या पेरते. एवढा महिना काढ गं, बेबी.

तुझी,
ताई